पाचगणीत ते जगतं

तात्या,

गेल्या आठवड्यात मी पाचगणीला गेले होते, रोपं पोचवायला. तुमची पोर आता साताऱ्याच्या बाहेर रस्त्याकडेला नर्सरी चालवते. बियांपासून फुलझाडं करते, एका हंगामाची नव्हे, वर्षानुवर्षं टिकणारी, आणि लोक गाड्या थांबवून ती घेऊन जातात. नवरा टेम्पो चालवतो, मी वाफे आणि ट्रे बघते, आई शेडमध्ये खुर्चीवर बसून पिशव्यांत माती भरते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्याशी बोलावं असं मला कधी वाटलं नाही. श्राद्धाला मी पान वाढते, कावळा शिवला की ताट उचलते, मधल्या वेळात मनातसुद्धा तुम्हाला काही म्हणत नाही. आज लिहायला बसले ती काही मायेनं बसलेली नाही, हे आधीच सांगते. पाचगणीत जे बघितलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं राहवेना, आणि ज्याला सांगायला हवं ते माणूस तुम्हीच आहात.

तुम्ही फौजेतनं हवालदार होऊन परत आलात तेव्हा मी बालवाडीत होते. गावातल्या बाकीच्या पोरींचे वडील सुट्टीवर येताना घोंगड्या, ट्रान्झिस्टर, कँटीनचं सामान आणायचे. तुमच्या काळ्या ट्रंकेत कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्या होत्या आणि डबीडबीत बी होतं. वर डोंगरातल्या छावणीत मेसची बाग तुमच्या ताब्यात होती, साहेबांच्या बाईंनी तुम्हाला पेरायला शिकवलं होतं, आणि तेवढीच एक गोष्ट तुम्ही आयुष्यात कुणाकडून मान खाली घालून शिकलात. वडूजपासून आत, खटावच्या त्या माळावर, जिथं ज्वारीसुद्धा आभाळाकडे बघत उभी असायची, तिथं तुम्ही घरापुढं वाफे पाडलेत. पांढरी डेझी आली. कार्नेशन आलं. हॉलीहॉक तर माणसाच्या डोक्यावर गेलं. झेंडू तुम्हाला चालायचा नाही. एका हंगामात मरतं ते फूल कसलं, म्हणायचात, झाड असं पायजे की एकदा लागलं की आपल्या मागंबी फुलत राहिलं पायजे.

पण तुमचा खरा जीव अडकला होता डेल्फिनियममध्ये. उंच दांड्यावर खालपासून वरपर्यंत निळी फुलं. आई त्याला नुसतं ‘निळं’ म्हणायची. तिकडे डोंगरात ते बर्फाखाली झोपतं आणि दरवर्षी पुन्हा उठतं, असं तुम्ही सांगायचात. त्याच्या बियांना आधी थंडी लागते, म्हणून ओल्या रेतीत कालवलेली डबी तुम्ही वडूजच्या स्टँडवरच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवायला दिली होती आणि ती आणायला मला एसटीनं पाठवलं होतं. मी डबी पदरात गुंडाळतात तशी ओढणीत गुंडाळून आणली. काळोखात उगवतं म्हणून ट्रेवर ओलं गोणपाट टाकलंत. पाणी वरून घालायचं नाही, ट्रे घमेल्यात ठेवायचा आणि मातीनं ते खालनं ओढून घ्यायचं. हे सगळं तुम्ही मला इतक्या हळू आवाजात समजावलंत की मला वाटलं, घरात आता असंच बोलणार आहात.

त्याआधी एकदा मी चूक केली होती, ती तुम्हाला आठवत असेल का कोण जाणे. ट्रे सुकलेला दिसला म्हणून तांब्यानं पाणी ओतलं आणि धुळीएवढं बारीक बी एका कोपऱ्यात वाहून गेलं. तुम्ही मारलं नाहीत. मला उन्हात बसवून, बोटाचं टोक ओलं करून, चिखलातनं एकेक बी टिपायला लावलंत. डोळ्यांत पाणी आल्यानं मला काही दिसत नव्हतं. आई मध्ये पडायला आली तर तिच्याकडे न बघताच म्हणालात, “तुझ्यावरच गेलीया.” ते मला उन्हापेक्षा जास्त लागलं. आणि नंतर, पुढच्या हिवाळ्यात, मी एक अख्खा ट्रे एकही रोप न दुखावता वेगळा केला, तेव्हा तुम्ही तुमचं फौजेतलं भिंग माझ्या हातावर ठेवलंत. “पान धरायचं, देठ न्हाई. पान गेलं तर दुसरं येतंय. देठ मोडला की रोप गेलं.” त्या दिवशी मी गावभर भिंग दाखवत हिंडले. असं होतं तुमचं. वर्षाकाठी एक दिवस द्यायचात आणि आम्ही त्याच्या भरवशावर बाकीचं वर्ष काढायचो.

आता पाचगणीचं. तिथल्या एका शाळेला बागेसाठी माणूस हवा होता. तुमच्या ओळखीच्या एका साहेबांनी निरोप धाडला होता, राहायला खोली, पोरीला तिथंच शाळा, बारमाही पाणी. आईनं दोन दिवसांत भांडी काढून पुसून ठेवली. तिला आयुष्यात कशाचा लोभ सुटलेला मी बघितला नाही, त्या दोन दिवसांत मात्र ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती. मग तुम्ही नाही म्हणालात. तिनं विचारलं, “आवं, पाणी तरी हाय तिथं.” तुम्ही म्हणालात, “पाणी हाय म्हणूनच. तितं लय पाऊस. निळं कुजून जाईल. आपली हवा कोरडी, ते इथंच जगंल.” आईला झाडांतलं काय कळत होतं? तिनं भांडी पुन्हा फडताळात लावली. पण त्याच संध्याकाळी पारावर तुम्ही तुमच्या दोस्ताला जे सांगितलंत ते मी ऐकलं. मी तुम्हाला जेवायला बोलवायला आले होते आणि तुमच्या पाठीमागं उभी होते. तुम्ही म्हणालात, “हवालदार हाय मी गड्या. पोरांच्या शाळंत माळी म्हणून वाकू व्हय?” दोस्त हसला, तुम्ही हसलात. मी जेवायला चला म्हणाले. तुम्ही मागं वळून बघितलंत, आणि मी ऐकलंय का नाही याचा अंदाज घेतलात, एवढं मला आजही दिसतं.

मी हे आईला सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं नाही कारण तुमची भीती होती.

पुढच्याच उन्हाळ्यात विहिरी आटल्या. टँकर यायचा तो गावच्या विहिरीत पाणी सोडायचा आणि बायका पायऱ्या उतरून, दोर टाकून ते शेंदायच्या. तुमची निळ्याची रोपं तेव्हा वितभर झाली होती. हिवाळ्यात लावून वसंतात फुलवायची आणि उन्हात मरू द्यायची, हे तुम्हाला नको होतं. ती मे महिन्यातनं पार काढायची, दुसऱ्या वर्षी फुलवायची, तुमच्या त्या डोंगरातल्यासारखी. त्यासाठी वाफ्यावर मांडव, मांडवावर गोणपाट, आणि गोणपाट दिवसभर ओलं. आई आणि मी पाणी आणतोय, तुम्ही पंपानं शिंपडताय. मी आज डोळे मिटले तरी हे असंच दिसतं. आई दारातनं आत येतेय, डोक्यावर घागर, काखेत कळशी, पाठीवर पोलकं घामानं चिकटलेलं, आणि तुम्ही मांडवाखालनं हात बाहेर काढताय, कळशी घ्यायला. घागर उतरवायला तुमचा हात कधी लागला नाही. गावात कुठल्याच पुरुषाचा लागत नव्हता, हे खरं. पण गावातला दुसरा कुठला पुरुष ते पाणी फुलाला घालत नव्हता.

त्या दिवशी टँकर उशिरा आला. आईच्या दोन खेपा झाल्या होत्या, दिवस मावळायला आला होता. ती ओट्यावर टेकली आणि म्हणाली, “आवं, प्यायला एक घागर हाय. बाकीचं सकाळी आणते. पायऱ्या लय वल्ल्या झाल्यात.” तुम्ही गोणपाटाला हात लावून बघितलंत. म्हणालात, “सकाळपतूर ऱ्हातंय व्हय हे?” एवढंच. आवाज चढवला नाहीत. ती उठली, पदर खोचला आणि गेली.

तिला चार बायकांनी बाजेवर घालून आणलं. ओल्या पायरीवरनं घागरीसकट खाली गेली होती. तोंडातनं आवाज येत नव्हता, नुसता श्वास, आणि एक पाय असा वळलेला की मी बघू शकले नाही. तुम्ही मांडवाखालनं आलात, हातात पंप तसाच. तुमचा चेहरा उतरला होता, हे मी नाकारत नाही. तुम्ही कुणाला तरी जीप आणायला पिटाळलंत, आईच्या उशाशी बसलात, तिच्या कपाळावर हातही ठेवलात. मग जीप दारात आली, आईला आत घातली, मी तिच्यामागोमाग चढायला गेले, तर तुम्ही माझा दंड धरून मला खाली उतरवलंत आणि म्हणालात, “तू थांब. मी येईस्तोवर गोणपाट सुकू द्यायचं न्हाई.”

तात्या, मी नववीत होते. माझी आई साताऱ्याच्या दवाखान्यात जात होती आणि ती परत येईल का नाही हे मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या काकू झोपायला आल्या, म्हणाल्या, मरू दे तिकडं ती झाडं. मलाही तेच वाटलं. एक दिवस पाणी घातलं नाही की सकाळच्या उन्हात सगळी रोपं मान टाकणार होती. पण मी घातलं. पिण्याची ती एक घागर होती, त्यातलंच घातलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले, त्याच पायऱ्या उतरले, आणलं, घातलं. तुम्ही परत येईपर्यंत गोणपाट सुकलं नाही. ते मी तुमच्या धाकानं केलं असं तुम्ही समजलात. मी ते एवढ्याचसाठी केलं की रोपं मेली असती तर आईचं पडणं नुसतं पडणंच राहिलं असतं.

आईच्या खुब्यात सळई घातली. परत आली ती एक पाय आखूड घेऊन. पाणी, स्वयंपाक, धुणं माझ्याकडे आलं आणि शाळा सुटली. पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, तीही लग्नानंतर, नवऱ्यानं हट्ट धरला म्हणून. तुम्ही शाळेबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीत. सकाळी मी चुलीपुढं असायचे, रस्त्यानं पोरी दप्तरं घेऊन जायच्या, आणि तुम्ही भिंग मागायला यायचात.

निळं जगलं. सगळी नाही, पण काही रोपं पार झाली, आणि पुढच्या माघात त्यातल्या एकाला दांडा आला. मी नाही म्हणणार नाही, ते सुंदर होतं. त्या पिवळ्या माळावर तसला रंग कुणी बघितलाच नव्हता. लोक चालत बघायला आले, मिल्ट्रीचं फूल म्हणाले. तालुक्याचे साहेब जीपमधनं आले. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून फुलाशेजारी उभे राहिलात, फोटो काढला गेला. साहेबांनी कौतुकानं विचारलं, इतक्या दुष्काळात हे जगवलं कसं, घरातलं कोण कोण राबलं? मी चहाचा ट्रे घेऊन दोन हात अंतरावर उभी होते. तुम्ही म्हणालात, “एकट्यानं केलं, साहेब.”

मी ट्रे खाली ठेवला आणि आत गेले. आई बाजेवर बसून बाहेरचा गलका ऐकत होती. तिला ते बघायचं होतं. साहेब गेल्यावर मी तिला काखेत धरून उंबऱ्यापर्यंत आणलं. तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “चांगलं हाय की,” आणि मला विचारलं, “वास न्हाई व्हय याला?” मी म्हणाले, नाही. तिनं मान हलवली, जशी दुकानातलं लुगडं बघून नको म्हणताना हलवतात तशी, आणि मला आत न्यायला सांगितलं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते गेलं. तुम्ही पुन्हा पेरलंत, पुन्हा पुन्हा पेरलंत, मरेपर्यंत पेरत होतात, पण तो दुसरा दांडा आमच्या अंगणात कधी आला नाही.

मला वाटायचं, तुम्ही गेल्यावर आई मोकळेपणानं बोलेल. ती बोलते, पण तुमच्या बाजूनं. नर्सरीत कुणी विचारलं, ताई, हे कुठं शिकलात, की मी सांगते, आईकडून. आई लगेच माती भरलेला हात वर करते. म्हणते, “खोटं बोलती. आमच्या मालकांनी शिकवलंय. त्यांच्यासारखा हात कुणाचा न्हवता.” गिऱ्हाईक हसतं, मी रोप कागदात गुंडाळते. तिच्या पायाबद्दल कुणी विचारलं तर सांगते, विहिरीवर पडले. कशासाठी गेले होते ते तिनं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आम्ही दोघी एका घरात राहतो, एकीचा राग दुसरीला माहीत आहे, आणि त्याबद्दल आम्ही बोलत नाही. तुम्ही शिकवलेलं म्हणाल तर हेही एक.

तर पाचगणी. एका बंगल्यात डेझी आणि कार्नेशनची रोपं पोचवायची होती. मे महिना, खाली साताऱ्यात डांबर वितळत होतं. वर गेलो तर वारा. नवरा रोपं उतरवत होता आणि मी बंगल्याला वळसा घालून नळावर हात धुवायला गेले. तिथं भिंतीच्या सावलीत, पन्हळीखाली, निळं उभं होतं. एक नाही, अख्खा गड्डा, आणि त्यातनं कितीतरी दांडे. मी जवळ जाऊन बुडखा चाचपला. जुना होता, खोडासारखा झालेला.

तिथला माळी म्हातारा, वाईकडचा. मी विचारलं, हे केव्हाचं आहे. तो म्हणाला, “चार-पाच वर्सं झाली असतील. दरसाल येतंय.” पावसात कुजत नाही का, विचारलं. “वर कागद टाकायचा पावसाळ्यात. पिलॅस्टिकचा.” मग मी उन्हाळ्याचं विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. “उन्हाळ्यात काय? आठवड्यातनं दोनदा पाणी घालतो पायपानं.” तो मला बी देत होता, पुडी बांधायला कागदही फाडला त्यानं. मी नको म्हणाले. तो जरा हिरमुसला. मग मी टेम्पोत येऊन बसले, आणि नवऱ्यानं काय झालं विचारलं तेव्हा ऊन लागलं म्हणाले, त्या थंड हवेत.

म्हणजे एक प्लॅस्टिकचा कागद, तात्या. एवढ्यानं भागलं असतं. खोली होती, पाणी होतं, शाळा होती, आणि तुमचं निळंसुद्धा होतं, तुम्हाला जसं पाहिजे तसं, वर्षामागून वर्ष. नुसतं थोडं वाकायचं होतं. तुम्हाला ते ठाऊक होतं का? पावसाचं तुम्ही खरं समजून बोललात, का आईला गप करायला? घाट उतरताना मी एवढाच विचार करत होते. तुम्हाला ठाऊक नसेल तर तुम्ही मूर्ख होतात, आणि ठाऊक असेल तर काय होतात ते मला लिहवत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, हे तर आहेच. पण मी ते घरात ठेवूही शकत नाही, कारण आईला वाचता येतं, अक्षरावर बोट ठेवून, सावकाश. म्हणून लिहून झालं की उद्या सकाळी पाणी तापवायच्या बंबात टाकणार आहे.

त्या दिवशी घरी आले तेव्हा आई शेडमध्येच होती. पाय पसरून, खुब्याला हात लावून बसली होती. मी हातपाय धुतले, तिच्यापुढं पाट घेऊन बसले. तिनं वरच्या हवेचं विचारलं, बंगल्याचं विचारलं. मग माती चाळता चाळता, माझ्याकडे न बघता, म्हणाली, “निळं दिसलं का गं तितं कुठं?”

मी म्हणाले, “व्हतं एका बंगल्यात. पण न्हाई जगत म्हणं. पावसात कुजतंय.”

तिनं चाळण थांबवली. मग म्हणाली, “मग. त्यांचं काय चुकलं न्हवतं.”

मी ‘व्हय’ म्हणाले.